इरेजर आणि मास्क सारखे? नाही पटलं

"कडा साफ करायला इरेजर घ्या की लेयर मास्क, काम सारखंच" हे फोटोशॉपमध्ये फोटो कापून जोडण्यावरच्या लेखातलं वाक्य खटकलं. इरेजरने पुसून फाइल सेव्ह करून बंद केली की ते गेलंच. मास्क म्हणजे फोटोच्या थरावरचा पडदा; त्यावर काळा ब्रश नुसतं झाकतो, पांढरा फिरवला की परत दिसतं. आमच्या आर्वीकडे वारलेल्या आजोबांना लग्नाच्या ग्रुपफोटोत बसवायचं काम नेहमीचंच. प्रूफ (छापण्याआधीचा नमुना) पाहून घरचे विचारणारच, "भाऊ, आबाजीच्या फेट्याचा तुरा कुठी गेला?" मग इरेजरवाल्यानं काय सांगावं?

अजून एक, जे लेखात हवं होतं. फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून लेयरच्या यादीतल्या मास्कच्या थंबनेलवर (छोट्या चित्रावर) क्लिक करा, नुसता काळा-पांढरा मास्क दिसतो. काळ्यात सुटलेले करडे, म्हणजे अर्धवटच झाकलेले, डाग तिथंच सापडतात. एरवी ते अल्बमच्या १२ बाय ३६ इंची पानावर छापून आल्यावरच दिसतात, अन् तेही गिऱ्हाइकाला आधी.