आम्ही हद्दीबाहेरचे

कोल्हापुरात 'येणार, येणार' म्हणून वर्षानुवर्षं गाजलेल्या गोष्टी दोन. एक थेट पाइपलाइन आणि दुसरी हद्दवाढ, म्हणजे आमच्यासारखी आजूबाजूची गावं महापालिकेत घेणं. त्यातली पाइपलाइन 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी घेऊन एकदाची आली. शहरात गुलाल उधळला गेला आणि आमच्या कॉलनीच्या पोटात गोळा आला. ती येऊ शकते, म्हणजे आता हीही येणार!

1972 साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली. क्षेत्रफळ 66.82 चौरस किलोमीटर. आजही तेवढंच. मधल्या काळात माणसं वाढली, गाड्या वाढल्या, पांढऱ्या-तांबड्याच्या ताटाचे दर तर विचारूच नका. हद्द तेवढी जागची हलली नाही. ती हलू नये म्हणून आजूबाजूच्या गावांनी जे मोर्चे काढले, त्यांत आमच्या कॉलनीचाही खारीचा वाटा आहे. मधे 2017 ला सरकारनं तोडगा म्हणून 42 गावांसाठी विकास प्राधिकरण काढलं. मग आम्ही त्याच्याही नावानं ओरडायला लागलो. सवय.

आमच्या कॉलनीतले निम्मेअधिक लोक मूळचे पेठांमधले. गुंठा स्वस्त पडला म्हणून इकडे आलो. नोकऱ्या शहरात, पोरांची कॉलेजं शहरात, दुखलंखुपलं की सीपीआरचा सरकारी दवाखाना, जायला-यायला केएमटीची बस. शेवटच्या प्रवासालाही पंचगंगेचीच स्मशानभूमी, कारण तिथं महापालिका दहनाचे पैसे घेत नाही आणि शेणी लोक दान करतात. शहराचं सगळं आमचं. घरफाळा तेवढा ग्रामपंचायतीचा.

हे माझा साडू मला दर सणाला ऐकवतो. तो शहरात राहतो आणि कट्टर हद्दवाढवाला आहे. "आमच्या रस्त्यावर गाड्या फिरवता, आमच्या बागेत पोरं खेळवता आणि फाळा भरायची वेळ आली की तुम्ही खेडूत?" मी म्हणतो, तुमच्या रस्त्यांवर गाडी चालवणं हाच एक कर आहे. मग तो निधीवर येतो. लोकसंख्या वाढली की सरकारी योजनांत शहराचा वाटा वाढतो म्हणे. म्हणजे आम्ही यांना कशाला हवे, तर मोजायला!

मागच्या ग्रामसभेत मारुतीच्या देवळापुढं मंडप घातला होता. ज्यांची खरीच शेती आहे, ते कमी बोलले. एक आजोबा उठले, म्हणाले, "उसाच्या रानावर रस्त्या-बागेच्या आरक्षणाचा शिक्का पडला की ते ना इकता येतंय, ना बांधता येतंय. आमी मेल्यावर नातू कोर्टात जाणार." आणि बसले. त्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं, माझ्या साडूकडंही नसतं.

मग माइक कॉलनीच्या हातात आला. आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँकवाले काका आहेत. त्यांनी मूठ आवळून सांगितलं, "आमच्या काळ्या आईला कुणाला हात लावू देणार नाही!" त्यांची काळी आई गॅलरीत चार कुंड्यांत राहते. एकीत तुळस, एकीत कोरफड, उरलेल्या दोन रिकाम्या, म्हणजे शेतीच्या भाषेत पडीक. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या.

पुढचा वक्ता म्हणाला, महापालिका आली की जनावरं पाळू देणार नाहीत. तेवढ्यात मागून एक पोरगं ओरडलं, "आवो, गंगावेशीत भर शहरात म्हशीची धार काढून दूध इकत्यात की!" त्याला खाली बसवण्यात आलं.

सभेला खरा जोर चढला तो पुण्याच्या दाखल्यानं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं 2017 ला पुणे महापालिकेत गेली, कराच्या बोज्याविरुद्ध भांडली आणि शेवटी बाहेर पडून 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. हे ऐकून मंडपात असा जल्लोष झाला, जणू आमचाच पैलवान खासबागेत गदा घेऊन उभा आहे. म्हणजे आत गेलेलं बाहेर येतं! मग आधी आत जायचंच कशाला?

हद्द वाढवायची तर सरकारला आधी हरकती मागवाव्या लागतात. आमच्या कृती समितीनं त्या मागवायच्या आधीच छापून ठेवल्या आहेत. झेरॉक्सच्या एका कागदावर तयार मजकूर, आपण फक्त नाव आणि सही करायची. 'व्यवसाय' या रकान्यापुढं आधीच 'शेती' छापलेलं. बायकोनं तो कागद चष्मा लावून वाचला.

"अहो, कुंडीला पाणी घाला म्हटलं तर कंबर धरता. हे शेती कधीपासून?"

"तात्त्विक आहे ते."

"आणि पत्ता? 'तालुका करवीर' लिहिताय. पोरीच्या बायोडाटावर ठळक अक्षरांत 'कोल्हापूर' कुणी टाकलं?"

स्थळांना आणि सरकारला वेगवेगळा पत्ता द्यावा लागतो, हे बायकांना समजावणं अवघड आहे. मी सही केली.

मग ठरला गाव बंद. कडकडीत. किराणा बंद, पिठाची गिरणी बंद, टपरीसुद्धा बंद. सकाळी चौकात घोषणा देऊन घसा बसला. नऊ वाजले आणि पोटात कावळे ओरडायला लागले. घरात नाश्ता नव्हता, कारण बायकोनंही बंद पाळला होता. मुकाट्यानं गाडी काढली आणि शहरात मिसळ खायला गेलो.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. एका टेबलावर काळ्या आईवाले काका, शेजारी आमची अर्धी गल्ली, आणि कोपऱ्यात खुद्द कृती समितीचे अध्यक्ष. समोर दुसऱ्यांदा घेतलेला मिसळीचा कट, गळ्यात अजून निषेधाची काळी फीत. मी घुटमळलो. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली.

"या की पाव्हणं, लाजताय काय? आपला बंद हितं लागू न्हाई. ही महापालिकेची हद्द हाय."