एअरस्टोनवाल्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की समुद्री मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑक्सिजनसाठी एअर पंपावर (म्हणजे नळीच्या टोकाच्या एअरस्टोनमधून बुडबुडे सोडणाऱ्या पंपावर) विसंबू नका, पाणी हलतं ठेवा, पॉवरहेड नाहीतर वेवमेकरचं (दोन्ही पाण्यात बसवायचे, पाणी ढकलणारे पंप) तोंड थोडं वर करा. त्यावर एका वाचकांची प्रतिक्रिया आली ती अशी: "साहेब जरा अभ्यास करून लिहीत जा. बुडबुडे सोडले की ऑक्सिजन पाण्यात जातो एवढी साधी गोष्ट आहे, ती तुम्ही वेवमेकर-बिवमेकर घालून उगाच अवघड केली. स्वस्तातल्या एअर पंपात काम होतं तर लोकांना खर्चात कशाला पाडता? लेखात एक आकडा नाही. आणि आमच्याकडे लाइट गेली की तुमचा वेवमेकर काय भजन करणार का?"

खरं तर उत्तर देणार नव्हतो, बायको म्हणाली सोडून दे, दोन दिवस सोडलंही. पण "साहेब" म्हणायचं आणि लगेच "अभ्यास करून लिहीत जा" म्हणायचं ही कुठली पद्धत? मतभेद असेल तर सरळ सांगा ना की अमुक वाक्य पटलं नाही, का पटलं नाही ते सांगा, मी ऐकून घेईन. इथे नवीन लोक प्रश्न विचारतात तेव्हा मी कुणालाही आधी अभ्यास करून ये असं म्हटलेलं नाही, अगदी "गोल्डफिशबरोबर क्लाउनफिश चालेल का" (एक गोड्या पाण्यातला, दुसरा खाऱ्या) विचारणाऱ्यालाही नाही.

आता अभ्यासाचं निघालंच आहे तर सांगतो. मी मरीन टँक सुरू केला तेव्हा मरीन सॉल्टची (पाण्यात कालवून समुद्राचं पाणी करायच्या मिठाची) बादली परवडायची नाही, म्हणून ओळखीच्या एका नाखव्याकडून खोल समुद्रातलं पाणी कॅनमध्ये भरून घ्यायचो आणि लोकलच्या लगेज डब्यातून डोंबिवलीला आणायचो, डब्यातले मासळीवाले हसायचे की मासे सोडून नुसतं पाणी कुठे घेऊन चाललास. कुर्ल्याच्या रविवारच्या बाजारात दुकानदारांशी हुज्जत घालत शिकलोय, हातून मासे मेले त्यातून शिकलोय हेही कबूल आहे. याला अभ्यास म्हणत नसतील तर राहू दे.

लेखात आकडे नव्हते, हे मान्य. मुद्दाम टाकले नव्हते, कारण आकडे बघितले की लोक लेख बंद करतात. पण तुम्हाला हवेत तर घ्या. गोडं पाणी २५ अंशाला लिटरमागे जास्तीत जास्त ८.२ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन धरतं. तेवढ्याच तापमानाला समुद्राचं पाणी, म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग) क्षाराचं, साधारण ६.७ च धरतं. मे महिन्यात टाकी ३० अंशावर गेली की तेच ६.२ वर येतं. वर उष्णता वाढली की माशाला ऑक्सिजन लागतो जास्त, म्हणजे साठा कमी आणि खप जास्त असा प्रकार. गोड्या पाण्याच्या टाकीत एखादी ढिलाई खपून जाते ती इथे खपत नाही ती यामुळे, आणि गोड्या पाण्याच्या टाकीवरून इथले नियम ठरवता येत नाहीत तेही यामुळेच.

आता तुमचं ते वाक्य, "बुडबुडे सोडले की ऑक्सिजन पाण्यात जातो एवढी साधी गोष्ट आहे". मला यातल्या "एवढी साधी"चा जास्त त्रास झाला. आपली टाकी केवढी, दीड फूट पाणी. तळाशी ठेवलेल्या एअरस्टोनमधून निघालेला बुडबुडा वर यायला दोन सेकंद धरा, फार तर तीन. तेवढ्या वेळात तो किती ऑक्सिजन सोडणार? थोडा सोडतो, अजिबात नाही असं मी म्हटलेलंच नाही, लेख परत वाचा. पण टाकीतली खरी देवघेव होते ती वरच्या पृष्ठभागावर, जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथे. ऑक्सिजन आत आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर. आणि वरच्या थरात आलेला ऑक्सिजन स्वतःहून तळाला उतरेल म्हणाल तर विसरा, पाणी न हलता नुसता आपोआप पसरत (डिफ्यूजनने) तो पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. चहात साखर टाकून चमचा न फिरवता बसलात तर वरचा घोट फिकाच लागणार, तसं आहे ते. वरचं पाणी खाली आणि खालचं वर, हे चक्र सतत चालू पाहिजे.

एअरस्टोन जे काही करतो ना, ते मुख्यतः हेच करतो. बुडबुडे वर जाताना सोबत पाणी ओढून नेतात आणि पृष्ठभाग फोडतात. म्हणजे तुमचा एअरस्टोन जेव्हा काम करतो तेव्हा तो मी सांगितलेलंच काम करत असतो, फक्त एका कोपऱ्यात आणि दमून दमून. वर बुडबुडा फुटला की खारट पाण्याचे बारीक शिंतोडे उडतात, ते काचेच्या झाकणावर, लाइटवर, भिंतीवर सुकून पांढरे होतात, आणि प्लगच्या बोर्डावर सुकले तर काय होतं ते मी सांगायला नको. गोड्या पाण्याला ही भानगड नाही.

आमच्या मेव्हण्याकडे हेच झालं होतं. एअरस्टोन जोरात चालू, बुडबुडे बघायला लोक थांबायचे, आणि तरी सकाळी क्लाउनफिश आणि डॅमसेल वर येऊन धापा टाकत असायचे. तो म्हणे अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) असेल, टेस्ट केली तर अमोनिया शून्य. मी जाऊन बघितलं तर वर काच गच्च बसवलेली, दगडांची भिंत मागच्या काचेला टेकवून रचलेली, त्यामागे पाणी हलतच नव्हतं, आणि पृष्ठभागावर तेलकट साय धरलेली, एअरस्टोनच्या कोपऱ्यातच काय ती फाटलेली. आणि पॉवरहेड? होता की, वाळूकडे तोंड करून. काच काढून जाळी टाकली, दगड पुढे ओढले, पॉवरहेड पाण्याच्या चार बोटं खाली घेऊन किंचित वर वळवला, एवढंच. बाकी एक रुपया खर्च नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे खाली फिरत होते. त्याचा एअर पंप मी काढायला लावला नाही, त्याच्या मुलीला बुडबुडे आवडतात.

म्हणून २०० लिटरच्या टाकीला ताशी ४००० लिटरचा वेवमेकर, म्हणजे वीसपट फ्लो, हे डब्यावरचं गणित मी लेखात दिलं नव्हतं. तो सगळा फ्लो खालच्या खाली फिरत असेल तर चाळीसपट असूनही उपयोग नाही. पृष्ठभाग पूर्ण लांबीभर थरथरायला पाहिजे, लाइटची सावली वाळूवर नाचायला पाहिजे. खळखळाट करून पाणी उडवायची गरज नाही.

आता कुणीतरी म्हणणारच की मग स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र) काय करतो, तोही बुडबुडेच सोडतो ना. सोडतो. पण त्यात हवा अगदी बारीक होऊन पाण्यात मिसळते आणि त्या नळकांड्यात बराच वेळ घोळत राहते, शिवाय पाणी सतत त्यातून जात असतं. त्याची आणि कोपऱ्यातल्या एअरस्टोनची बरोबरी करू नका. संप (मुख्य टाकीखालची जोडटाकी) असेल तर ओव्हरफ्लोवरून पडणारं पाणीही बरंच काम करतं आणि वरची साय ओढून नेतं ते वेगळंच. ज्यांच्याकडे हे दोन्ही आहे त्यांना या वादाशी देणंघेणं नाही, त्यांनी बाकीचा लेख वाचावा.

हो, एक राहिलं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो कारण बऱ्याच लोकांचा घोळ होतो. रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर शेवाळसुद्धा ऑक्सिजन खातं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. मासे बघायचे तर दिवे लावायच्या आधी बघा, संध्याकाळी सगळ्यांचेच मासे छान दिसतात. आणि एसी लावून खिडक्या बंद करून झोपत असाल तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि टाकीचा पीएच उतरतो, त्यावर कितीही वेवमेकर लावा फरक पडणार नाही, खिडकी उघडा.

खर्चाचं म्हणाल तर साधा वेवमेकर काही लाखाला मिळत नाही, आणि ज्याला समुद्री मासे, मीठ, स्किमर परवडतं त्याने पॉवरहेडवर येऊन काटकसर करावी याचं मला हसू येतं. असो. लोकांना खर्चात पाडून मला कुठल्या दुकानाचं कमिशन मिळतं ते तुम्हीच शोधून काढा.

राहता राहिलं लाइट जाणं. तो विजेचा प्रश्न आहे, पाण्याच्या हालचालीचा नाही, त्या लेखाचा विषयच नव्हता. तुमच्याकडे रोज लाइट जात असेल तर इन्व्हर्टर बघा, किंवा बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, लाइट गेली की आपोआप सुरू होतो, तो ठेवा. माझ्याकडेही आहे एक, टाकीच्या मागे लटकवलेला. त्यावरून लगेच "बघा म्हणजे शेवटी एअर पंपच" असं लिहायला येऊ नका, अडीअडचणीला ठेवणं वेगळं आणि त्यावर टाकी चालवणं वेगळं.

पुढे लिहायचं असेल तर टाकीचा फोटो टाका, समोरून नको, वरून काढलेला. झाकण कसं आहे आणि साय आहे का ते दिसलं पाहिजे, मग बोलू.