एनबीएतून परतलेल्याने जायचं कुठे?

'आपला माणूस एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, कधी?' हा वाद आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून उफाळतो आणि मग मला फर्मान सुटतं: तू सोलला असतोस ना, कोरियावाले कसं जमवतात ते सांग.

एनबीएत खेळलेला पहिला कोरियन म्हणजे हा सुंग-जिन ('हा' हे त्याचं आडनाव), उंची 221 सेंटीमीटर. 2004 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पोर्टलंड संघाने त्याला 46व्या क्रमांकावर घेतलं. दोन हंगामांत सामनेही 46च मिळाले, तेही बराच वेळ बाकावर बसून. मग मिलवॉकी संघाकडे रवानगी आणि तिथूनही डच्चू.

आपल्याकडे गोष्ट इथेच संपली असती. पण 2008 मध्ये तो मायदेशी आला, तेव्हा कोरियन लीगमध्ये जॉन्जू शहराच्या केसीसी संघाने त्याला ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी उचललं. पहिल्याच हंगामात विजेतेपद, 2011 ला पुन्हा, आणि अंतिम मालिकेचा मानकरी तोच. फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फेक, मात्र कायम कच्चे. माझा जॉन्जूचा सहकारी त्या आठवणीने आजही कपाळाला हात लावतो.

मध्ये दोन वर्षं कोरियात पुरुषांना सक्तीच्या असणाऱ्या लष्करी किंवा पर्यायी सेवेत गेली. आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं की त्यातून सुटका होते. 2010 ला ग्वांगझूत अंतिम फेरीत चीनने कोरियाला हरवलं. 2014 ला इंचॉनमध्ये सुवर्ण आलं, तोवर याची सेवा भोगून झाली होती आणि संघात नावही नव्हतं. 2019 ला क्लबने करार वाढवला नाही, तेहतिसाव्या वर्षी निवृत्ती. आता यूट्यूबवर तो कोरियन बास्केटबॉलचे वाभाडे काढतो.

काढायला जागाही आहे म्हणा. याच लीगने 2018 मध्ये दोन मीटरपेक्षा उंच परदेशी खेळाडू नकोत असा नियम केला. अमेरिकी खेळाडू डेव्हिड सायमन 202 सेंटीमीटर भरला, झाली गच्छंती! पुढच्याच वर्षी नियम गुंडाळला. तेव्हा कोरियाची आरती ओवाळायचं कारण नाही.

तरी आपला बास्केटबॉलपटू सतनाम सिंग आठवतो. 2015 ला एनबीएच्या डॅलस संघाने निवडलं, एनबीएचा एकही सामना नाही. पुढे उत्तेजक प्रकरणात दोन वर्षांची बंदी. ती चूक त्याचीच. पण त्याआधीही, भारतात परतून खेळायचं तर रेल्वे, सेनादल, ओएनजीसी असे नोकरीचे संघ. वर्षानुवर्षं टिकलेली व्यावसायिक लीग नाहीच. शेवटी तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला.

महाराष्ट्रात आपण दहावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतल्या 5 टक्के आरक्षणावर हिरिरीने भांडतो. खेळाडूला पगार देऊन निम्मं वर्ष खेळवणारी लीग कोणीच मागत नाही. 2015 ला भारतात यूबीए नावाची एक बास्केटबॉल लीग सुरू झाली होती, थोड्याच हंगामांत बंद पडली. आमच्या ग्रुपवर त्याची साधी बातमीही फिरली नाही.