तीनशेच्या खाली कार्ड नाही

आईला पंधरा वर्षं शुगर आहे, आणि गेल्या मंगळवारी ती स्वतःच्या हाताने ग्लुकोजचा डबा विकत घेऊन आली.

झालं असं की दादर पश्चिमेला घराजवळच्या मेडिकलमध्ये ती डोळ्यांचे थेंब आणि बीपीच्या गोळ्या आणायला गेली. बिल २१२ रुपये. पर्समध्ये दीडशे रुपये आणि पेन्शनच्या खात्याचं कार्ड. यूपीआय ती करत नाही. शेजारच्या काकूंना 'आज रात्री तुमची लाइट कापणार' असा फोन आला आणि खात्यातून अठरा हजार गेले, तेव्हापासून आईच्या लेखी फोन बोलायला आणि नातवाचे फोटो बघायला. तिने कार्ड पुढे केलं, तर काउंटरवरच्या मुलाने काचेआड, कफ सिरपच्या बाटल्यांच्या मागे चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. "आजी, तीनशेच्या खाली कार्ड नाही." मागे चार माणसं उभी. गोळ्या परत करायची तिला लाज वाटली. समोर दिसला तो डबा घेतला, वर साबण घेतले. ३०६ रुपये झाले. पिन दाबला आणि घरी आली.

"अगं, पण ग्लुकोज?"

"उन्हाळा आहे. कुणाला तरी लागेल."

त्या रात्री मी तावातावाने पोस्ट लिहायला घेतली होती. अर्धी झाल्यावर आठवलं की गिरगावात आमच्या मामेभावाच्या स्टेशनरीच्या दुकानातही असाच बोर्ड आहे. तिथे दोनशेची अट. घरचाच माणूस आरोपी निघाल्यावर जरा थांबावं लागतं. शनिवारी गेले.

मे अखेर म्हणजे स्टेशनरीवाल्यांची दिवाळी. वह्यांचे गठ्ठे फुटपाथपर्यंत आलेले. मी त्याला म्हटलं, मला नीट समजावून सांग, तुला कार्डाचा नक्की त्रास काय आहे? त्याने साठ रुपयांची वही उचलली. "ताई, यात मला सातएक रुपये सुटतात. क्रेडिट कार्डवर बँक दोन टक्के कापते, म्हणजे एक रुपया वीस पैसे. सातातला सव्वा रुपया गेला. परवडतं का?"

परवडत नाही, कबूल. पण पुढे मी विचारलं त्यावर तो गप्प झाला. एखाद्या आईने मुलासाठी अशा पंधरा वह्या घेतल्या तर बिल होतं नऊशे. तुझी दोनशेची अट पार, तू हसत कार्ड घेतोस. कापले किती गेले? अठरा रुपये. सुटले किती? एकशे पाच. म्हणजे सहावा हिस्सा बँकेचा, एका वहीवर होता तेवढाच. आणि तेच नऊशेचं दप्तर घेतलं तर? त्यात त्याला अडीचशे-पावणेतीनशे सुटतात, त्यातले अठरा कुणाला कळतही नाहीत.

टक्केवारी साठ रुपयांवर लागो की सहा हजारांवर, टक्केवारीच ती. दुकानदार मारला जातो तो कमी मार्जिनच्या मालावर, आणि किमान रकमेची अट बघते फक्त बिलाचा आकडा. दूधवाल्याला पाचशेचं बिलही नडेल, चष्मेवाल्याला शंभरचंही नडणार नाही.

अमेरिकेत या अटीला निदान हिशोबाचा आधार आहे. तिथल्या शुल्कात टक्क्यांबरोबर काही सेंट ठोक असतात.  एक डॉलरच्या चुइंगमवर वीसेक सेंट गेले तर दुकानदार काय खाणार? म्हणून २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने तिथल्या दुकानदारांना १० डॉलरपर्यंत किमान खरेदीची अट घालायची मोकळीक दिली. ती फक्त क्रेडिट कार्डांसाठी, डेबिटला नाही. एरवी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या स्वतःच्या नियमांत दुकानदाराने अशी अट घालूच नये असं आहे. आपल्याकडे मशीन बसवून जाणारा पोरगा हे कुणाला सांगत नाही, आणि सांगितलं तरी गिरगावात व्हिसाचा इन्स्पेक्टर थोडाच येणार आहे.

"मग मशीनचं भाडं?" मामेभावाने दुसरी बाजू लावून धरली. महिन्याला पाचशेच्या आसपास जातात म्हणे. मी म्हटलं, भाडं ठरलेलं असेल तर जितकी जास्त कार्डं फिरतील तितकं बरं, तू उलट गिऱ्हाइकं परत पाठवतोस.

"तू वकील व्हायला हवं होतंस," असं म्हणून त्याने चहा मागवला, आणि चहाबरोबर खरी कारणं बाहेर आली. जूनच्या गर्दीत एकेका पिनला मिनिट जातं. मशीनचं नेटवर्क दुकानाच्या आत येत नाही, हात बाहेर काढून रस्त्यावर धरावं लागतं. कार्डाचे पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात येतात आणि अब्दुल रेहमान स्ट्रीटवरचा होलसेलवाला आज रोख मागतो. यूपीआयचा स्पीकर तिथल्या तिथे ओरडतो, कापत काही नाही. मग कार्ड कशाला? ही कारणं मला दोन टक्क्यांपेक्षा जास्त पटली, खरं सांगते. (रोख गल्ल्यात राहिलेली बरी असते याचं आणखीही एक कारण असतं. ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माहेरचं नातं आहे.)

तेवढ्यात मी त्याचं बँकेचं मासिक स्टेटमेंट बघायला मागितलं. ट्यूबलाइटखाली, वह्यांच्या गठ्ठ्यावर पसरून आम्ही दोघं बोट फिरवत गेलो. क्रेडिट, क्रेडिट, क्रेडिट, प्रत्येक ओळीपुढे कापलेली रक्कम. मग एक ओळ: रुपे, डेबिट, ३४० रुपये. शुल्क ०.००. त्याने चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. "हे चुकून झालं असेल."

चुकून नाही. १ जानेवारी २०२० पासून रुपे (व्हिसा-मास्टरकार्डसारखंच, पण आपलं देशी) डेबिट कार्ड आणि यूपीआय, दोन्हींवर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही असा सरकारी नियम आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवरही रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानाला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, मोठ्यांना ०.९०. क्रेडिट कार्डांना मात्र अशी मर्यादा नाही. दोन-दोन टक्के तिथे जातात.

आईचं पेन्शनचं कार्ड कोणतं? रुपे. डेबिट. म्हणजे तिच्या २१२ रुपयांतून त्या मेडिकलवाल्याचा एक पैसाही कापला गेला नसता. त्याने जो खर्च वाचवायला कागद चिकटवला, तो खर्च तिच्या कार्डावर नव्हताच. माझा राग आता त्याच्यावर कमी आणि 'कार्ड' हा एकच शब्द शिकवून मशीन विकणाऱ्यांवर जास्त आहे.

क्रेडिट कार्डाच्या अटीवर मात्र मी दुकानदाराच्या बाजूने आहे, हिशोब चुकीचा असला तरी. कारण मी स्वतः क्रेडिट कार्डवाली आहे. माझ्या कार्डावर पॉइंट जमतात, त्यांवर दिवाळीत मिक्सर आला, विमानतळावरच्या लाउंजमध्ये बसून मी ऐटीत इडली खाल्ली. ते पैसे आले कुठून? दुकानदाराच्या कापलेल्या टक्क्यांतला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, त्यातलाच तुकडा मला मिळतो. दुकानदार तो भावात मिळवतो, आणि तोच भाव माझ्यामागे सुट्टे मोजत उभ्या असलेल्या बाईलाही लागतो. माझ्या इडलीत तिची चटणी आहे. तेव्हा शंभरच्या खोडरबर-पेन्सिलीला कुणी मला 'क्रेडिट नको' म्हटलं तर मी तोंड वाकडं करणार नाही.

पण मग लिहा तसं. 'क्रेडिट कार्ड दोनशेच्या वर. डेबिट चालेल.' आणि दाराशी लिहा. बिल झाल्यावर, मागे रांग असताना काचेआडून दाखवलेली अट म्हणजे माणसाला कोंडीत पकडणं आहे. औषधांच्या दुकानात तर तीही नको. गोळ्या कुणी हौसेने घेत नाही, आणि आकडा भरायला आणखी दोन पट्ट्या घ्या हे तिथे सांगणं भलतंच आहे.

काही दुकानांत अट नसते, पण बिलावर हळूच 'दोन टक्के एक्स्ट्रा' येतात. मोबाइल आणि सोन्याच्या दुकानांत जास्त. डेबिट कार्डावर असे पैसे लावणाऱ्या दुकानांवर कारवाई करा, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. तरी मागतात, आणि आपण देतो.

मामाच्या काळात या दुकानात लाल कापडी पुठ्ठ्याची चोपडी होती. शाळेतली पोरं एक खोडरबर घेऊन 'खात्यावर लिहा' म्हणून पळायची, मामा लिहायचा, महिन्याला वडील येऊन चुकवायचे. किमान रक्कम नव्हती. मामेभावाला बोर्ड बदल म्हटलं. "ताई, लॅमिनेट केलाय. जून संपू दे."

आईला घरी येऊन सगळं सांगितलं, रुपे, शून्य टक्के, नियम, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, तिचं आणि मेडिकलवाल्याचं परवाच ठरलंय. तो वहीत लिहून ठेवणार, आणि महिन्याच्या शेवटी हजार-बाराशे झाले की ती एकदाच कार्ड घासणार. ग्लुकोजचा डबा त्याने परत घेतला, पैसे तिच्या खात्यावर जमा धरलेत.