‘टेन्शन घेऊ नका’ हे औषध माझ्या दुकानात मिळत नाही

बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेल्या माणसाला शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईक फुकटचा सल्ला देतंच देतं. ‘टेन्शन घेऊ नका हो, हसत राहा. निम्मा आजार तिथंच पळतो.’ साताऱ्यात मेडिकल चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य रोज कानावर पडतं. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण हसतमुख माणूस जास्त जगतो हे आपण जे धरून चालतो, त्याला फारसा आधार नाही. आणि हे मी पदरचं सांगत नाही.

हॉवर्ड फ्रीडमन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतले मानसशास्त्रज्ञ. स्वभावाचा आणि आजाराचा संबंध शोधण्यात त्यांची सगळी कारकीर्द गेली. 1987 मध्ये त्यांनी आणि एका सहकारी संशोधिकेनं तोवर झालेले 101 अभ्यास एकत्र तपासले. चिडखोरपणा, चिंता, खिन्नता यांचं हृदयविकाराशी काही नातं दिसतं, एवढं त्यातून निघालं. पण आजारी माणूस चिंता करतो की चिंता करणारा आजारी पडतो, हे अशा अभ्यासातून कळत नाही. ते कळायला माणूस लहानपणापासून मरेपर्यंत बघावा लागतो. एवढं आयुष्य कुठल्या संशोधकाकडे असतं?

त्यांना ते आयतं सापडलं. स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी 1921 मध्ये कॅलिफोर्नियातली दीड हजाराहून जास्त हुशार मुलं निवडून ठेवली होती. टर्मनना बुद्धीत रस होता, आयुष्यमानात नव्हे. ते 1956 मध्ये गेले, पण त्या मुलांची माहिती पुढच्यांनी गोळा करत ठेवली. त्यात एक सोन्याची खाण होती. ती मुलं साधारण अकरा वर्षांची असताना आईवडिलांनी आणि शिक्षकांनी त्यांच्या स्वभावाला गुण दिले होते. जपून वागतो का, खरं बोलतो का, बढाया मारतो का, विनोदबुद्धी कशी आहे, असं सगळं. फ्रीडमन आणि त्यांच्या मंडळींनी या मुलांचे मृत्यूचे दाखले हुडकून काढले. कोण कधी गेलं, कशानं गेलं. हे काम अतिशय कंटाळवाणं. गंमत अशी की ज्या गुणाचं महत्त्व त्यातून पुढं आलं, तो गुण अंगात असल्याशिवाय असलं काम तडीला जात नाही.

1993 मध्ये निष्कर्ष छापून आले. लहानपणी जी मुलं जपून वागणारी, जबाबदार, नेटकी होती ती सरासरीनं जास्त जगली. मानसशास्त्रात याला कॉन्शिएन्शसनेस म्हणतात, आपण सोयीसाठी नेटका स्वभाव म्हणू. आणि जी मुलं आनंदी, मजेशीर, सगळं छानच होईल असं मानणारी होती ती सरासरीनं लवकर गेली. पुढं शोध घेतला तेव्हा दिसलं की ही आनंदी मंडळी मोठेपणी दारू-सिगारेटकडे आणि धाडसाकडे थोडी जास्त झुकत होती. ‘काय होतंय’ म्हणणाऱ्यांचं शेवटी काहीतरी होतंच. पण सिगारेट-दारूचा हिशोब वजा केला तरी नेटक्या स्वभावाचा फायदा पूर्ण नाहीसा झाला नाही, हेही 1995 मध्ये त्यांनी दाखवलं.

हास्यक्लबवाल्यांनी रागावू नये. साताऱ्यातल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या चढाला मी त्यांच्याच मागनं धापा टाकत असतो. चालणं होतं, चार माणसं भेटतात, ते चांगलंच आहे. फक्त ‘हा हा हा’नं बीपीची गोळी सुटते असं कुणी सांगू नये.

एका अभ्यासावर मीही विश्वास ठेवला नसता. पण 2004 मध्ये टिम बॉग आणि ब्रेंट रॉबर्ट्स यांनी 194 अभ्यास एकत्र केले. तंबाखू, दारू, खाणंपिणं, व्यायाम, बेदरकार गाडी चालवणं, सगळीकडे तोच कल दिसला. नेटका माणूस जिवाला घातक गोष्टी कमी करतो. यात चमत्कार काहीच नाही, आणि म्हणूनच मला ते पटतं.

काउंटरच्या अलीकडून हे रोज दिसतं. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात. नवीन पाकीट घेतलं की तिथंच खिशातलं बॉलपेन काढून चंदेरी बाजूला तारीख टाकतात आणि मगच पैसे देतात. त्यांच्या गोळ्या कधी ‘अचानक’ संपत नाहीत. दुसरा एक टेम्पोवाला, जिंदादिल गडी, दुकानात आला की सगळ्यांना हसवतो. बीपी मोजलं, नॉर्मल आलं, की याच्या गोळ्या बंद. ‘आता बरं हाय की भाऊ!’ गोळी चालू आहे म्हणून बीपी नॉर्मल आहे, हे त्याला दरवेळी नव्यानं सांगतो. तो दरवेळी नव्यानं हसतो.

इथवर वाचून ‘बघा, म्हणजे सगळं आपल्याच हातात आहे, शिस्त पाहिजे’ असं जे म्हणतील, त्यांच्याशी माझं खरं भांडण आहे.

जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या बाजूनं एक मावशी येतात, साखरेच्या आजाराच्या गोळ्यांना. पाच द्या म्हणतात, कधी सात. मी कात्रीनं पाकीट कापतो, ते अशा बेतानं की एक्स्पायरीची तारीख असलेला तुकडा दुकानात शिल्लक राहील. म्हणजे त्यांच्या हातात तारीख नसलेलं पाकीट जातं. पाच का? कारण मजुरी आठवड्याला मिळते. पुढच्या आठवड्यात एसटी चुकली किंवा काम लांबलं की मध्ये चार दिवसांचा खड्डा. कागदावर या मावशी ‘औषधं नियमित न घेणारा रुग्ण’. त्यांच्या घरी जाऊन बघा, भांडं न् भांडं जागेवर असेल. गुरुजींना पेन्शन आहे आणि दुकान घराजवळ आहे, हा काही त्यांचा स्वभाव नव्हे.

अजून एक. माझी आत्या घरातली सगळ्यात नेटकी बाई. पहाटे उठणं, सडा, देवपूजा, सगळं घड्याळावर. आणि तितक्याच काटेकोरपणे सकाळ-संध्याकाळ मिशरी. तव्यावर तंबाखू भाजायचा, बारीक करायचा, डबीत भरायचा, सगळं टापटीप. आळीतल्या सगळ्या बायका लावायच्या, सासूनं शिकवलेली. नेटका स्वभाव म्हणजे चार लोकांत जे योग्य मानलं जातं ते निष्ठेनं करणं. मिशरीच योग्य मानली जात असेल तर नेटकी बाई मिशरीही निष्ठेनंच लावणार. कॅलिफोर्नियातल्या, बहुतेक गोऱ्या मध्यमवर्गीय घरातल्या हुशार पोरांवरून निघालेला निष्कर्ष जावळीत उतरवताना एवढा विचार करायलाच हवा.

आणि स्वभावावर खापर फोडण्याचा इतिहास काही स्वच्छ नाही. लंडनचे हान्स आयसेंक हे त्यांच्या काळातलं मानसशास्त्रातलं फार मोठं नाव. त्यांनी ग्रोसार्ट-माटिसेक या सहकाऱ्याबरोबर निबंध लिहिले, की अमुक स्वभावाच्या माणसाला कर्करोग होतो, सिगारेटचा दोष मानतात तेवढा नाही. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्यांत तंबाखू कंपन्या होत्या. आयसेंक 1997 मध्ये वारले. 2019 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजनं चौकशी करून या दोघांचे 26 निबंध भरवशाचे नाहीत असं सांगितलं. इतकी वर्षं ते निबंध ग्रंथालयात मानानं बसून होते. कॅन्सरच्या पेशंटला ‘तू फार मनाला लावून घेतोस म्हणून झालं’ असं कुणी म्हणालं की मला हे प्रकरण आठवतं. आधीच किमोनं पिचलेल्या माणसावर वरून हा आरोप कशाला?

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण मात्र थोडी सैल करायला हरकत नाही. रॉबर्ट्स यांनीच 2017 मध्ये 207 अभ्यास तपासले. समुपदेशन आणि उपचारांनी, सरासरी 24 आठवड्यांत, स्वभाव मोजता येईल इतका बदलतो असं दिसलं. पण जास्त बदल झाला तो अस्वस्थ, चिंतातुर मनात. नेटकेपणा फारसा हलला नाही. म्हणजे टेन्शनवर इलाज आहे, आणि तो ‘घेऊ नका’ म्हणणं हा नाही. आणि टेम्पोवाला सहा महिन्यांत गुरुजी होईल ही आशा आपण सोडून दिलेली बरी.

मग त्याच्यासाठी काय करायचं? मी त्याला म्हटलं, गोळ्या गाडीच्या चावीजवळ ठेव. सकाळी चावी उचललीस की गोळी. त्याच्या डोक्यावर भार टाकायचाच नाही, चावी तो विसरत नाही. मावशींना महिन्याच्या गोळ्या देतो, पैसे बाजाराच्या दिवशी. आणि पाकीट अख्खं, तारखेसकट. डॉक्टरांनीही ‘घेताय ना वेळेवर?’ विचारण्याऐवजी ‘घरात कुठं ठेवता?’ विचारलं तर निम्मं दुखणं तिथंच कळेल. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात.

आपल्या मातीतली अशी लांब पल्ल्याची नोंद हवी, असं फार वाटतं. ते अशक्यही नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून सुरुवात केली आणि पुढं त्यांची मुलं मोठी होईपर्यंत वजनं-साखर मोजली. एवढी चिकाटी आपल्याकडे आहे. कुणीतरी आमच्या जिल्ह्यातल्या शाळेतली पोरं अशीच धरून ठेवावीत, बाईंना विचारावं कोण दप्तर नीट आवरतं आणि कोण नाही, आणि सोबत हेही लिहावं की घरी मजुरी रोजाची की महिन्याची.

असो. उद्या रविवार, दुकान दुपारी एकपर्यंतच. ज्यांच्या गोळ्या संपत आल्यात त्यांनी सकाळीच यावं. टेम्पोवाले, हे तुम्हाला पण आहे.