परदेशातून : वर्गातला प्रार्थनेचा कोपरा

मे २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा बाहेर आला आणि त्यातील मनाचे श्लोक व भगवद्गीता यांच्या पाठांतराच्या उल्लेखावरून मोठा गदारोळ झाला. त्याच्या महिनाभर आधी भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांना सूचना दिल्या होत्या. अन्य धर्मीय विद्यार्थ्यांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, परिपाठात रोज संविधानाची उद्देशिका म्हणून घ्यावी आणि सर्व धर्मांच्या मुलांसाठी प्रार्थनेची एक जागा ठेवावी, असे त्यांत म्हटले होते. मालवण-वेंगुर्ल्याकडील माझ्या नातेवाइकांत या दोन्ही गोष्टींवर अजूनही हिरिरीने बोलले जाते, कारण घरातली निम्मी मुले ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत शिकतात. कोणी म्हणते, शाळेत आपले स्तोत्र हवेच. कोणी म्हणते, देवधर्म घरी ठेवावा आणि शाळेने गणित-इंग्रजी नीट शिकवावे. इंग्लंडमध्ये बसून हे ऐकताना मला सारखे वाटते की, भांडण पाठ काय करायचे यावर चालले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला स्वतःला काय विचारायचे आहे, हे कोणाच्या गावीही नाही.

आमची मुलगी चर्च ऑफ इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत जाते. इंग्लंडमध्ये अशा साडेचार हजारांहून अधिक शाळा आहेत, त्यांतील बहुतेक प्राथमिक आहेत आणि त्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून चालतो. (जागा कमी असलेल्या काही शाळांत प्रवेशासाठी चर्चमधील हजेरी मोजली जाते आणि मग पालकांची भक्ती प्रवेशाचे पत्र येईपर्यंतच टिकते, हेही सांगून टाकतो.) तिच्या वर्गात एका कोपऱ्यात लहानसे टेबल आहे. त्यावरचे कापड चर्चच्या पंचांगाप्रमाणे बदलते: ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जांभळे, ईस्टरला पांढरे, एरवी वर्षातला बराच काळ हिरवे. कापडावर एक लाकडी क्रूस, बॅटरीवर चालणारी मेणबत्ती, गुळगुळीत खड्यांचा वाडगा आणि एक पेटी असते. पेटीत मुलांनी प्रश्न लिहून टाकायचे असतात. ‘आजीचा कुत्रा स्वर्गात गेला का’, ‘देवाला कोणी बनवले’ अशा चिठ्ठ्या आठवड्यातून एकदा बाहेर निघतात. बाई उत्तर देत नाहीत. त्या विचारतात, ‘तुम्हाला काय वाटते?’, आणि मग ‘मी ख्रिस्ती आहे, म्हणून मला असे वाटते’ असे स्वतःचे म्हणणे सांगून मोकळ्या होतात. सकाळच्या सामूहिक उपासनेत प्रार्थना संपताना सांगितले जाते की, ज्यांना ही प्रार्थना आपली वाटत असेल त्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणावे. बाकीच्यांनी शांत बसले तरी चालेल. शाळा आपला धर्म लपवत नाही आणि मुलाकडून तो वदवूनही घेत नाही.

शरद ऋतूत या शाळांत सुगीचा उत्सव असतो. मुले घरून डबाबंद खाद्यपदार्थ आणतात आणि ते गरजूंच्या अन्नपेढीत जातात. आमच्या मुलीने काबुली चण्यांचा डबा नेला. तुमच्याकडे सुगीला काय करतात, असे बाईंनी विचारल्यावर तिने आजीच्या घरी आश्विनात दाराला बांधल्या जाणाऱ्या भाताच्या लोंब्यांबद्दल, म्हणजे आपल्या ‘नव्या’बद्दल सांगितले. तेवढ्याने बाईंचे समाधान झाले नाही. लोंब्या दारालाच का, असे त्यांनी विचारले. मुलीला सांगता आले नाही, म्हणून तिने रात्री आजीला फोन लावला, आणि माझ्या आईला कितीतरी वर्षांत प्रथमच त्या प्रथेचा अर्थ कोणाला तरी समजावून सांगावा लागला.

नॉटिंगहॅम विद्यापीठातील डेव्हिड हेय आणि रिबेका नाय या संशोधकांनी १९९० च्या दशकात प्राथमिक शाळांतील मुलांशी दीर्घ संभाषणे केली. मुलाची आध्यात्मिकता ही मुळात नात्यांची जाणीव आहे, असे त्यांना आढळले. स्वतःशी, माणसांशी, सृष्टीशी आणि देवाशी असलेले नाते त्यांना अभिप्रेत होते. चर्चला कधी न जाणाऱ्या घरांतील मुलांतही त्यांना ती दिसली. म्हणजे शाळेला ती बाहेरून आणून मुलात घालायची नाही; जी आहे ती दडपली जाऊ नये, एवढे पाहायचे आहे.

मात्र इंग्लंडचा कायदा मला मुळीच अनुकरणीय वाटत नाही. तेथील सरकारी शाळांत रोजची सामूहिक उपासना १९४४ पासून सक्तीची आहे आणि ज्या पालकांना ती नको असेल त्यांनी आपण होऊन मुलाला वगळून घ्यायचे असते. वर्गातून एकटे बाहेर काढलेले मूल किती अवघडते, हे सांगायला नको. उत्तर आयर्लंडमधील अशाच व्यवस्थेतील एका प्राथमिक शाळेतली मुलगी घरी जेवणाआधी प्रार्थना म्हणू लागली, तेव्हा तिचे धर्म न पाळणारे पालक न्यायालयात गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि वगळून घेण्याचा हक्क हे पुरेसे संरक्षण नाही, असे म्हटले. आपल्या संविधानाचे कलम २८ (३) याबाबतीत कितीतरी सरस आहे. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण वा उपासनेत सहभागी व्हायचे तर आधी संमती लागते, आणि मूल अल्पवयीन असेल तर ती पालकाने द्यायची असते. ग्रामदेवतेपुढे घातल्या जाणाऱ्या मालवणी गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारे पोर गावचे असते, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. शाळेत ते केवळ हजेरीपटावर नाव आहे म्हणून उभे असते, तेव्हा विचारायलाच हवे.

पण संमती घेऊन पुढे आपण करतो काय? कित्येक शाळांत ख्रिस्ती मुले धर्मशिक्षणाला एका खोलीत जातात आणि बाकीची मूल्यशिक्षणासाठी दुसऱ्या खोलीत बसतात. तिथे ‘खरे बोलावे’ फळ्यावरून वहीत उतरवले जाते, त्याखाली रेघ मारली जाते आणि सहामाहीला त्यावर गुण मिळतात. कोकणाला हे शोभत नाही. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, तेव्हापासून ही किनारपट्टी मिशनच्या शाळा पाहत आली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती झाल्यावर भजन-कीर्तनातूनच आपली श्रद्धा मांडली. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या मिशन शाळेत शिकले, हिंदूच राहिले आणि पुढे त्यांचीच प्रार्थना महाराष्ट्रभरच्या परिपाठांत म्हटली जाऊ लागली. इतका मोकळा वारसा असताना आजच्या शाळांनी भीतीपोटी गप्प बसावे, हे मला पटत नाही. बिशपांच्या सूचना रास्तच आहेत, पण त्यांचा अर्थ ख्रिस्ती शिक्षिकेने आपली श्रद्धा पदराखाली झाकावी असा काढला गेला, तर मुलांपुढे उरेल ते फक्त सुविचारांचे फलक.

वर्गात पन्नास-साठ मुले असताना हे कसे जमायचे, असे माझी शिक्षिका असलेली मावसबहीण विचारते, आणि तिचा प्रश्न खरा आहे. इंग्लंडमधल्या वर्गात तीसच्या आसपास मुले आणि बहुधा एक मदतनीस असते. तरीही पहिली-दुसरीपुरता मूल्यशिक्षणाचा एक तास बिनवहीचा आणि बिनगुणांचा करायला, दोन खोल्यांतली मुले त्या तासाला एकत्र बसवायला आणि जूनमध्ये प्रवेश अर्जासोबत संमतीचा कागद मराठीत द्यायला संस्थेला नवा पैसा लागत नाही. चिठ्ठ्यांच्या पेटीला बुटांचे रिकामे खोके पुरते. पालकसभेत स्तोत्रावरून भांडणाऱ्यांनी त्यातल्या चिठ्ठ्या आधी वाचाव्यात.