घरच्या सीएनसीवर स्ट्रॅडिव्हेरियस : एका दाव्याची तपासणी

"क्रेमोनाच्या जुन्या व्हायोलिनची त्रिमितीय फाइल मिळवा, ती रात्री घरच्या सीएनसी राउटरला द्या, सकाळी हातात स्ट्रॅडिव्हेरियस, वाद्यकाराची आता गरजच उरलेली नाही," अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे. (स्ट्रॅडिव्हेरियस म्हणजे इटलीतील क्रेमोनाच्या स्ट्रॅडिव्हेरीने घडवलेले व्हायोलिन, सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या फाइलनुसार लाकूड कोरणारे यंत्र, आणि वाद्यकार म्हणजे इथे वाद्य घडवणारा कारागीर.) त्याच्या समर्थनार्थ अमेरिकेतील एक उदाहरण, यंत्राची अचूकता आणि 'सगळे रहस्य आकारातच आहे' हा समज, अशा तीन गोष्टी पुढे केल्या जातात. यंत्राने कोरलेल्या लाकडात जीव नसतो, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसत नाही. तरीही हा दावा तपासाला टिकत नाही.

आधी उदाहरण पाहू. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील 'बेट्स' या 1704 च्या स्ट्रॅडिव्हेरियसची प्रतिकृती मिनेसोटातील एका रेडिओलॉजिस्टने दोन वाद्यकारांच्या साथीने केली आणि 2011 मध्ये ती जाहीर झाली, हे खरे आहे. मात्र त्यासाठी सीटी स्कॅनच्या हजाराहून अधिक प्रतिमा वापरल्या होत्या, म्हणजे वाद्याच्या पेटीच्या वरच्या व मागच्या फळ्यांची आतली बाजू आणि जागोजागची जाडी त्यांना मोजता येत होती. नुसत्या छायाचित्रांवरून किंवा बाह्य पृष्ठभागाच्या स्कॅनवरून बेतलेल्या फाइलमध्ये ही माहिती नसतेच. तिथली जाडी कोणीतरी अंदाजाने भरलेली असते. शिवाय यंत्रावरून उतरलेले भाग जोडण्याचे आणि वार्निशचे काम त्या वाद्यकारांनीच हाताने केले. तिघांपैकी दोघे वाद्यकार असलेले उदाहरण वाद्यकाराची गरज संपल्याचा पुरावा कसे काय ठरते?

दुसरा मुद्दा अचूकतेचा, आणि खरी गोम इथेच आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेला मिलिमीटरचा शंभरावा भाग हा रिकाम्या यंत्राच्या हालचालीचा असतो, प्रत्यक्ष कोरल्या जाणाऱ्या लाकडाचा नव्हे. व्हायोलिनची फळी दोन्ही बाजूंनी कोरावी लागते. बाहेरचा फुगवटा झाला की फळी उलटायची, पिनांवर बसवायची, यंत्राचा आरंभबिंदू (झिरो) पुन्हा ठरवायचा आणि मग आतून पोखरायची. या उलटापालटीत फळी आडवी अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी फुगवट्याच्या तीव्र उतारावर एका बाजूची जाडी सुमारे पाव मिलिमीटरने घटते आणि समोरच्या बाजूची तेवढीच वाढते. वरची, स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची फळी जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने, तीन मिलिमीटरच्या जागी 2.7 उरले, तर ताठरपणा 27 टक्क्यांनी उतरतो. त्यात लाकूड स्वस्थ बसत नाही: एका अंगाने पोखरल्यावर आतला ताण सुटून फळी पीळ घेते, आणि पावसाळ्यात मुंबईला किंवा कोकणात अर्धवट कोरलेली फळी रात्रभर यंत्राजवळ ठेवली, तर सकाळी ती पहिल्यासारखी सपाट बसेलच याची खात्री नाही. म्हणून घरच्या हलक्या यंत्रावर काम करणारा शहाणा माणूस फळी अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड ठेवून उतरवतो आणि पुढचे काम जाडीमापक व स्क्रेपर (लाकूड खरवडण्याचे पाते) घेऊन हाताने करतो.

ही जाडी शेवटी किती ठेवायची, हे फाइल सांगू शकत नाही. स्प्रूसच्या दोन फळ्या एकाच झाडाच्या असल्या तरी त्यांची घनता आणि ताठरपणा वेगळा असू शकतो; तीच मापे एकीला बेताची, तर दुसरीला जड पडतात. वाद्यकार फळी तोलतो, टिचकी मारून ऐकतो, दोन हातांत हलकेच पिळून पाहतो, आणि मग कुठून आणखी काढायचे ते ठरवतो. मूळ वाद्याची मापे ही त्या मूळ लाकडासाठी घेतलेल्या निर्णयांची नोंद आहे. वेगळ्या लाकडावर ती जशीच्या तशी उतरवली, तर प्रत मापाची होते, आवाजाची होईलच असे नाही.

राहिला रहस्याचा मुद्दा. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिसच्या चाचणीत, कोणते व्हायोलिन जुने आणि कोणते नवे हे ओळखता येणार नाही अशी व्यवस्था करून 10 एकल वादकांना वाद्ये वाजवायला दिली, तेव्हा त्यांतील सहांनी नव्या व्हायोलिनला पहिली पसंती दिली. उत्तम नवी वाद्ये घडत असताना एकाच जुन्या नमुन्यामागे धावण्याला फारसा अर्थ उरत नाही.

'उरलेले काम म्हणजे फक्त चिकटवणे' हेही अज्ञान आहे. कडेच्या पर्फलिंगची, म्हणजे फळीच्या काठाने बसवलेल्या बारीक नक्षीपट्टीची, खाच जेमतेम सव्वा मिलिमीटर रुंद असते. गोल फिरणारा कटर ती कोपऱ्यापर्यंत नेतो, पण तिथले अणकुचीदार टोक सुरीनेच काढावे लागते. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या बाजूच्या पट्ट्या तापलेल्या लोखंडावर वाकवाव्या लागतात, बास बार (वरच्या फळीला आतून चिकटवलेली लाकडी पट्टी) आतल्या फुगवट्याला घासून तंतोतंत बसवावा लागतो, मानेचा कोन प्रत्यक्ष व्हायोलिनच्या पेटीवरच जुळवावा लागतो.

घरी राउटर असेल, तर सुरुवात पट्ट्या बसवण्याच्या साच्यापासून, टेम्प्लेटपासून आणि चिकटवताना लागणाऱ्या आधाराच्या ठोकळ्यांपासून करावी. तिथे यंत्राची पुनरावृत्ती खरोखर उपयोगी पडते. शिसवीचा टेलपीस (तारा खालच्या टोकाला अडकवण्याचा भाग) किंवा हनुवटीचा टेकूही सुरेख निघतो. फळ्यांकडे त्यानंतर वळावे, आणि पहिली फळी स्वस्त लाकडाची घेऊन, उलटवल्यानंतर दोन्ही बाजूंची जाडी जुळते का, एवढेच आधी मोजावे.